सॅक निवडावी, भरावी आणि जपावी

विमानाने लेहला उतरणाऱ्याची बॅग पट्ट्यावरून हातात येते आणि तिथून थेट गाडीच्या डिकीत जाते. खुष्कीच्या मार्गाने जाणाऱ्याचं तसं नसतं. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, कटऱ्याहून रेल्वेने श्रीनगर, पुढे बसने कारगिल, लेह, केलाँग, मनाली आणि शेवटी चंदीगड असा वळसा घालताना सामान कधी बर्थखाली असतं, कधी बसच्या टपावर, कधी डिझेलचा वास मारणाऱ्या डिकीत आणि उरलेला सगळा वेळ आपल्या पाठीवर. स्टँडपासून मुक्कामापर्यंतचा चढ, पहाटेच्या अंधारात बस शोधणं, घाटमाथ्यावर वारा सुटला की झटकन स्वेटर बाहेर काढणं, हे सगळं सॅकच्या भरवशावर चालतं.

माझी निळी सॅक या वाटेवर माझ्याबरोबर होती. तिचा मूळ रंग आता फक्त झाकणाखाली दिसतो. दुकानातून आणली तेव्हा ती चारचौघींसारखीच होती. तिच्यावर माझा जीव बसला, कारण ती माझ्या पाठीच्या मापाची आहे, तिच्यातली प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी असते आणि तिचं काही उसवलं-तुटलं की ते वेळीच नीट केलं जातं. किमतीचा यात फार थोडा वाटा आहे. लांबच्या प्रवासाला पहिल्यांदा निघणाऱ्यांनी सॅककडे कसं पाहावं, हे या वाटेच्या अनुभवावरून सांगते.

निवडताना: आधी पाठ मोजा, मग लिटर बघा

दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘किती लिटरची?’ असा. खरं तर सुरुवात पाठीच्या मापापासून करावी. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी एक ठळक मणका हाताला लागतो. दोन्ही हात कमरेवर ठेवले की अंगठे कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर टेकतात. त्या दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा मनात धरा आणि मानेच्या मणक्यापासून तिथपर्यंत शिंप्याच्या टेपने अंतर मोजून घ्या. हे तुमच्या पाठीचं माप. चांगल्या सॅकवर हे माप दिलेलं असतं किंवा आतली चौकट खाली-वर सरकवून ते जुळवता येतं. उंच माणसाची पाठ लांब असतेच असं नाही, त्यामुळे उंचीवरून अंदाज बांधू नका. बायकांसाठी बनवलेल्या सॅकचे पट्टे खांद्यांशी जवळ असतात आणि छातीपाशी वळण घेतात. माझ्यासारख्या अरुंद खांद्याच्या माणसाला त्याने मोठा फरक पडतो.

लिटरचा हिशेब त्यानंतर. रात्री छपराखाली झोपायचं असेल आणि स्वयंपाकाचं सामान न्यायचं नसेल, तर उन्हाळ्यातल्या दोन-तीन आठवड्यांच्या प्रवासाला ४० ते ४५ लिटरची सॅक पुरते. तंबू, मॅट, स्टोव्ह न्यायचा असेल तरच ६० लिटरकडे वळा. सॅक मोठी असली की रिकामी जागा डोळ्यांत सलते आणि ती भरण्याचा मोह होतो. बस बदलताना, जिने चढताना ते जादा ओझं आपल्यालाच वाहावं लागतं.

मग सॅक उलटीपालटी करून बघा. खांद्याचे पट्टे जिथे सॅकच्या अंगाला शिवलेले असतात तिथे आडवी, दाट शिलाई हवी. सगळा भार त्याच जागेवर येतो. चेन जाड दातांची असावी आणि रनर वळणावरही न अडकता फिरावा. वरून उघडणाऱ्या सॅकला खालच्या बाजूनेही तोंड असेल तर उत्तम, म्हणजे तळातली वस्तू काढायला सगळं उपसावं लागत नाही. बकल साध्या मापाचं असावं. २५, ३८ किंवा ५० मिलिमीटर पट्टीचं बकल कुठल्याही बॅग दुरुस्तीवाल्याकडे मिळण्याची शक्यता असते. वेगळ्याच आकाराचं बकल तुटलं की अडचण होते.

पाठीवर चढवताना: भार कमरेवर, खांदे मोकळे

नवी सॅक दुकानातच आठ-दहा किलो वजन भरून पाठीवर घ्या. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते.

भरलेली सॅक उचलायचीही रीत आहे. एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवा, सॅक आधी मांडीवर टेकवा, एक हात पट्ट्यात घाला आणि अंग वळवून ती पाठीवर घ्या. जमिनीवरून एका हाताने हिसका देऊन उचलली की खांदाही दुखतो आणि पट्ट्याची शिवणही ताणते.

मग पट्टे आवळायचा क्रम. आधी सगळे सैल सोडा. कमरेचा पट्टा पोटावर न घेता कमरेच्या हाडांवर बसवा आणि घट्ट करा. त्यानंतर खांद्याचे पट्टे खाली ओढा, पण इतकेच की ते खांद्याला टेकतील. खांद्याच्या वरच्या बाजूला, सॅकच्या माथ्याकडे तिरकी जाणारी एक छोटी पट्टी असते. ती थोडी ओढली की सॅक मागे झुकायची थांबते. शेवटी छातीवरची पट्टी लावा, श्वास भरून घेता येईल इतकी सैल. आता खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर भार अजून खांद्यावर आहे, कमरेचा पट्टा पुन्हा बसवा.

एकूण वजनाची मर्यादा मी शरीराच्या वजनाच्या सातव्या-आठव्या हिश्शाच्या आत ठेवते. ६० किलोच्या माणसाला साधारण आठ किलो. उंचीवर, विरळ हवेत, एकेक किलो जाणवतो.

वाट कुठल्या बाजूने घ्यावी

हा प्रश्न सॅकशी थेट जोडलेला आहे, कारण उंचीशी शरीर किती जुळलं त्यावरच ओझं पेलणं ठरतं. मनालीहून निघालं तर पहिल्याच दिवसांत खूप उंच जावं लागतं आणि अनेक जण सुमारे ४,३०० मीटरवरच्या सरचूला रात्र काढतात. श्रीनगरकडून गेलं तर चढ टप्प्याटप्प्याने येतो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आणि लेह ३,५०० मीटरवर. वाटेत झोजी ला आणि फोटू ला हे घाट लागतात. ४,१०८ मीटरचा फोटू ला हा श्रीनगर-लेह रस्त्यावरचा सर्वांत उंच घाट, पण तिथे फक्त ओलांडून जायचं असतं, झोपायचं नसतं. झोपण्याची उंची हळूहळू वाढवणं हा विरळ हवेचा त्रास टाळण्याचा मुख्य मार्ग आहे. ३,००० मीटरच्या वर एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ करू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. कारगिलहून लेहला येताना ही वाढ त्याहून जास्त होते, म्हणून लेहमध्ये पहिले दोन दिवस सॅक खोलीत ठेवून नुसता आराम करा, भरपूर पाणी प्या. हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांशी बोला.

परतीला लेहहून मनालीकडे यावं. या रस्त्यावर टँगलाँग ला सुमारे ५,३०० मीटर उंच आहे, पण तोवर शरीर उंचीला सरावलेलं असतं. उन्हाळ्यात रस्ता उघडला की हिमाचल परिवहनची लेह-दिल्ली बस सुरू होते. ती पहाटे निघते आणि रात्रीचा मुक्काम सुमारे ३,१०० मीटरवरच्या केलाँगला करते, म्हणजे मधल्या उंच भागात झोपावं लागत नाही. पूर्वी केलाँगनंतर रोहतांग घाटाची चढण चुकत नसे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून हा टप्पा खूपच सोपा झाला आहे. जाताना कटरा ते श्रीनगर हा रेल्वेचा टप्पाही नवाच. ६ जून २०२५ रोजी तो खुला झाला, आणि नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीच्या चिनाब पुलावरून गाडी जाते तेव्हा अख्खा डबा खिडकीशी येतो.

भरताना: प्रत्येक वस्तूला घर

सॅक भरण्याचं तत्त्व सोपं आहे. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यभागी. हलक्या वस्तू तळाला आणि बाहेरच्या अंगाला. दिवसा लागणाऱ्या वस्तू वर. जड सामान पाठीपासून दूर गेलं की सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून चालू लागतो.

सगळ्यांत आधी आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. बाहेरचं पावसाळी कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी झिरपतच. आतली पिशवी असली की काळजी मिटते. तळाला स्लीपिंग बॅग किंवा चादर, त्यावर कपडे, मध्ये पाठीशी टॉयलेटचा पाउच, खाऊचा डबा, चार्जर. वर फ्लीस, विंडचीटर आणि कानटोपी. झाकणाच्या कप्प्यात बॅटरी, औषधं आणि सनस्क्रीन. हा क्रम घरीच ठरवा आणि रोज तसाच ठेवा. आठवडाभरात हातालाच सवय होते. केलाँगला बस अंधारात थांबली, दिवे गेलेले होते, आणि मला कानटोपी, बॅटरी, लोकरीचे मोजे न बघता सापडले. भरवसा म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

कपडे मोजके घ्या: दोन पँट, तीन टी-शर्ट, एक फुल बाह्यांचा गरम कपडा, एक विंडचीटर, तीन-चार जोड मोजे, त्यातला एक लोकरीचा आणि तो फक्त झोपताना घालायचा. टॉवेलऐवजी पंचा. तो लवकर वाळतो, उन्हात डोक्यावर येतो, धुळीत नाकाला बांधता येतो. खाण्याला शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे. कारगिलमध्ये वाळवलेले जर्दाळू घ्या. पुढच्या लांब पल्ल्यांना तोंडात टाकायला त्यासारखं काही नाही.

उंचीमुळे सॅकमध्ये काय घडतं, तेही समजून घ्या. पाच हजार मीटरच्या पुढे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त असतो. बंद पाकिटं टम्म फुगतात, शॅम्पूच्या बाटलीतली हवा प्रसरण पावून झाकणातून शॅम्पू बाहेर ढकलते. त्यामुळे अशा बाटल्या किंचित दाबून, आतली हवा काढून मग झाकण लावा आणि त्या वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. थंडीत फोनची आणि पॉवर बँकची बॅटरी लवकर उतरते, रात्री ती पांघरुणात घ्यावी. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. त्यामुळे मुक्कामाचे पत्ते, घरचे फोन नंबर आणि तिकिटं कागदावरही ठेवा.

टपावर, डिकीत, बर्थखाली

मोठ्या सॅकबरोबर दहा-पंधरा लिटरची एक घडीची छोटी बॅग हवीच. ओळखपत्र, पैसे, औषधं, पाणी, एक गरम कपडा आणि फोन तिच्यात. ही बॅग मांडीवरून हलवायची नाही. मोठी सॅक टपावर जाते, आणि टपावर गेलेली वस्तू मुक्काम येईपर्यंत हाती लागत नाही. घाटात बस चार तास अडकली, तर स्वेटर आणि गोळ्या आपल्यापाशी असायला हव्यात.

सॅक टपावर चढण्याआधी लोंबणारे सगळे पट्टे आत खोचा. कमरेचा पट्टा उलट्या बाजूने, सॅकच्या पोटाभोवती बांधून बकल लावा. असे पट्टे कॅरियरच्या सळईत अडकले की सॅक उतरवणारा ओढतो आणि शिवण जाते. उत्तम उपाय म्हणजे धान्याची रिकामी गोणी. सॅक गोणीत घालायची, तोंड सुतळीने बांधायचं आणि वर दोऱ्याने आवळायचं. लेह ते केलाँगच्या रस्त्यात मोरेच्या सपाटीवर पिठासारखी धूळ उडते, ती गोणीवर बसते. सॅक स्वच्छ राहते, तेलाचे डाग लागत नाहीत आणि ती इतर सामानात उठून दिसत नाही, हाही एक फायदा. बसचा प्रवास संपला की तीच गोणी घडी करून सॅकच्या तळाशी ठेवायची.

रेल्वेत सॅक बर्थखाली, साखळीने खालच्या कडीला. साखळी बर्थखाली टाकताना ती हँडलमधून ओवा, खांद्याच्या पट्ट्यातून नको. पट्टा कापणं सोपं असतं, आणि ओढाताणीत तोच आधी फाटतो.

वाटेतली दुरुस्ती

लांबच्या वाटेवर काहीतरी तुटणारच, ते धरून चाला. दुरुस्तीचा पाउच मुठीएवढा पुरतो: एक दाभण, जाड नायलॉन दोरा, दोन सेफ्टी पिना, कमरेच्या पट्ट्याच्या मापाचं एक जादा बकल, कापडी चिकटपट्टी, मेणबत्तीचा तुकडा आणि जुना टूथब्रश.

चेन अडू लागली तर जोर लावू नका. आधी टूथब्रशने दातांमधली धूळ झाडा, मग दातांवरून मेणबत्ती फिरवा. रनर पुढे गेला तरी मागे चेन उघडीच राहत असेल, तर दात सहसा ठीक असतात, रनर सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या, सारख्या दाबाने आवळा. तरी जमलं नाही तर फक्त रनर बदलून घ्या, अख्खी चेन बदलायची गरज पडत नाही.

पट्ट्याची शिलाई सुटू लागली तर ती त्याच दिवशी घाला. लेहच्या बाजाराच्या कडेला बसणाऱ्या एका वयस्कर चर्मकारांकडे मी गेले होते, उजव्या खांद्याच्या पट्ट्याची वरची शिलाई चार-पाच टाक्यांनी सुटलेली होती. त्यांनी जुना दोरा ओढून काढला नाही. आतून चामड्याचा नखाएवढा चौकोनी तुकडा लावला, दोऱ्याला मेण चोळलं आणि सुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना बोटभर पुढे जाऊन शिवायला सुरुवात केली. प्रत्येक टाका घालून झाला की ते दोरा किंचित मागे ओढत आणि मग पुढच्या टाक्याला जात. अख्खं काम होईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत, फक्त शेवटी त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी जोरात ताणून माझ्यापुढे धरला. ती शिवण कंपनीच्या शिवणीपेक्षा पक्की निघाली, आजही तिच्यावरच भार येतो. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सुटलेल्या जागेपुरतंच शिवू नये, पलीकडच्या धड कापडात जावं. आणि आतून आधाराचा तुकडा द्यावा, म्हणजे ताण दोऱ्यावर न येता कापडावर पसरतो. दाभण हातात असली की हे काम आपल्यालाही येतं. पण गावात कारागीर असेल तर त्यालाच द्या. त्याचं बोट आपल्यापेक्षा जाणतं असतं, आणि त्याच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

घरी आल्यावर

खरी झीज प्रवासात जितकी होते तितकीच घरी, कपाटात होते. बहुतेक सॅकच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. दमट हवेत हा थर हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि आंबूस वास येतो. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. ओली किंवा घामेजलेली सॅक प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका.

परत आल्यावर सगळे कप्पे उलटे करून झाडा. कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण घेऊन मऊ ब्रशने हाताने धुवा. वॉशिंग मशीन आणि कडक पावडर दोन्ही टाळा, आतला थर त्याने लवकर जातो. खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यांवर घामाचं मीठ साठतं, तिथे दोनदा पाणी फिरवा. सावलीत, चेन उघड्या ठेवून, उलटी टांगून वाळवा. कडक उन्हाने नायलॉनचा रंग आणि ताकद दोन्ही जातात. पूर्ण वाळली की सगळे पट्टे सैल करून, हवेशीर जागी लटकवून ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या.

नव्या सॅकसाठी दुकानात जाण्याआधी घरातली जुनी सॅक खाली काढा आणि पाऊण तास द्या. आतल्या कापडावरून हात फिरवा: चिकट लागलं तर थर गेला आहे, पण आतली प्लास्टिकची पिशवी वापरून ती अजून चालेल. पट्ट्यांची मुळं ओढून बघा: शिलाई सुटली असेल तर जवळच्या चर्मकाराकडे किंवा बॅग दुरुस्तीवाल्याकडे द्या. चेन पुढे-मागे फिरवून बघा: अडत असेल तर रनर बदला. मग आठ किलो सामान भरा, एसटीने एखाद्या गडाच्या पायथ्याच्या गावी जाऊन एक रात्र राहून या आणि परतल्यावर कुठे दुखलं, कुठली वस्तू लागलीच नाही, ते कागदावर उतरवा. माप बसत नसेल तरच नवी घ्या. बसत असेल, तर त्या पैशांत श्रीनगरपासून लेहपर्यंतचं बसचं भाडं आणि वाटेतला चहा-नाश्ता सहज निघतो, आणि प्रवासाला नेमकं तेच तर हवं असतं.